नीतीचा खर्च कोणीं करावा ?

सरकारी समित्यांचे अहवाल हें वाङ्मय आहे काय, असा प्रश्न कोणी विचारला तर आपल्यांतील बहुतेक रसिक हंसून मान फिरवतील. अहवाल म्हटला कीं डोळ्यांपुढें उभे राहतात ते धुळीनें माखलेले गठ्ठे, परिशिष्टांचे डोंगर, आणि कोणाचेंच मन दुखवूं नये या काळजीनें कणा हरवून बसलेली भाषा. परंतु गेल्या अर्धशतकांत इंग्रजींत कांहीं अहवाल असे निघाले आहेत कीं, त्यांतील एकेका वाक्यावर कायदे उभे राहिले, प्रयोगशाळांचीं दारें उघडलीं किंवा बंद झालीं, आणि रोग्याच्या खाटेशीं उभें राहून वैद्यानें काय बोलावें व काय लपवूं नये हेंही ठरून गेलें. अशा लिखाणाची परीक्षा केवळ कायदेपंडितांवर आणि डॉक्टरांवर सोपवून साहित्याच्या अभ्यासकांनीं स्वस्थ बसावें, हें आम्हांस पसंत नाहीं. शब्दांचें वजन करणें हाच ज्यांचा धंदा, त्यांनीं जेथें शब्द सर्वांत जड आहेत तेथूनच पाय काढून घ्यावा, हा न्याय कोणता ?

ज्या विद्येच्या पोटीं हे अहवाल जन्मले तिला इंग्रजींत 'बायोएथिक्स' म्हणतात. आपण तिला जैवनीतिशास्त्र म्हणूं. जन्म, मरण, रोग, उपचार आणि जिवंत माणसांवरील प्रयोग यांत योग्य काय व अयोग्य काय, हा तिचा विषय. विषय मनुष्यजातीइतका जुना, पण विद्या तरुण. १९६९ सालीं न्यूयॉर्क राज्यांत हेस्टिंग्ज सेंटर निघालें. १९७१ सालीं वॉशिंग्टनच्या जॉर्जटाऊन विद्यापीठांत केनेडी घराण्याच्या प्रतिष्ठानाच्या देणगीवर केनेडी इन्स्टिट्यूट उभी राहिली. आणि तेव्हांपासून या विद्येनें दोघांची सोबत कधीं सोडली नाहीं. एक तत्त्वज्ञान, दुसरी देणगी. १९९१ सालीं इंग्लंडांत नफील्ड कौन्सिल निघाली तीही एका प्रतिष्ठानाच्या पैशावर. न्यूयॉर्कच्या ग्रीनवॉल फाउंडेशनसारख्या संस्थांनीं तर आपला पैसा जैवनीतीच्याच संशोधनाला वाहिला, आणि तो देतांना अपेक्षा ही ठेवली कीं, संशोधन ग्रंथालयांत न कुजतां रुग्णालयांत व कायदेमंडळांत पोंचलें पाहिजे.

आमचा प्रश्न येथेंच उभा राहतो. पैशानें नीतिविचार कायद्यापर्यंत पोंचतो काय ? आणि पोंचलाच, तर पोंचेपर्यंत तो नीतिविचार राहतो काय ? याचें उत्तर नुसत्या तर्कानें देण्यांत अर्थ नाहीं. कोणते कागद कोणाच्या पैशानें लिहिले गेले आणि ते कोठवर गेले, हें पाहूनच तें दिलें पाहिजे.

१९७८ सालच्या जुलैच्या २५ तारखेस इंग्लंडमधील ओल्डहॅम गांवीं लुईस ब्राऊन ही मुलगी जन्मली. शरीराबाहेर, कांचेच्या बशींत गर्भधारणा होऊन जन्मलेलें हें जगांतलें पहिलें मूल. (त्याच वर्षीं ३ ऑक्टोबरला कलकत्त्यास डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नानें असेंच दुसरें मूल जन्मलें. सरकारनें नेमलेल्या समितीनें त्यांचा दावा झिडकारला, आणि १९८१ सालीं त्यांनीं आत्महत्या केली. समिति ही वस्तु काय काय करूं शकते याचें हें एक उदाहरण वाचकांनीं जातां जातां लक्षांत ठेवावें.) गर्भ शरीराबाहेर राहूं शकतो, म्हणजे त्यावर प्रयोगही होऊं शकतात. मग किती दिवसांच्या गर्भावर होऊं द्यावयाचे ?

या प्रश्नाचें पहिलें पद्धतशीर उत्तर अमेरिकेंतून आलें. तेथील आरोग्यखात्याच्या नीतिसल्लागार मंडळानें १९७९ सालीं सांगितलें कीं, चौदा दिवसांपर्यंत, आणि त्यापुढें नाहीं. उत्तर विचारपूर्वक दिलेलें होतें. पण १९८० सालीं त्या मंडळाची मुदत सरली आणि त्याचा निधि दुसरीकडे वळविण्यांत आला. नियम मात्र तसाच राहिला कीं, अशा संशोधनाला सरकारी पैसा हवा असेल तर आधीं याच मंडळाची मान्यता पाहिजे. मंडळ नाहीं म्हणून मान्यता नाहीं; मान्यता नाहीं म्हणून पैसा नाहीं. हा तिढा १९९३ पर्यंत, म्हणजे तेरा वर्षें, सुटला नाहीं. या काळांत प्रयोगशील वैद्य कांहीं हात जोडून बसले नव्हते. शरीराबाहेरील गर्भधारणेचें काम खासगी चिकित्सालयांत गेलें, आणि तेथें सरकारचा डोळाही पोंचला नाहीं. कोणा तत्त्ववेत्त्याच्या युक्तिवादानें नव्हे, तर खजिन्याच्या एका नोंदीनें एका महान राष्ट्राची गर्भविषयक नीति ठरली, ही गोष्ट जैवनीतीच्या इतिहासकारांनीं मोठ्या अक्षरांत लिहून ठेवण्यासारखी आहे.

हेंच उत्तर पांच वर्षांनीं इंग्लंडांत दिलें गेलें, आणि तेथें त्याचा कायदा झाला. १९८२ सालीं तेथील सरकारनें सोळा जणांची एक समिति नेमली. तिच्या अध्यक्ष मेरी वॉर्नक. बाई ऑक्सफर्डच्या तत्त्वज्ञानाच्या पंडिता. पण त्याच गांवांत मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिकाही होऊन गेलेल्या. आमच्या मतें या दुसऱ्या अनुभवाचा उपयोग पहिल्याहून कमी झाला नसावा. समितींत डॉक्टर होते, वकील होते, समाजकार्य करणारे होते, आणि ॲन मॅकलॅरन या गर्भशास्त्रज्ञ होत्या. इतर सभासदांना गर्भाच्या वाढीचे धडे देण्याचें काम मुख्यतः त्यांनींच केलें. १९८४ सालीं अहवाल निघाला. तो अवघा शंभरएक पानांचा आहे.

हा अहवाल आम्ही एक गद्यकृति म्हणून वाचला, आणि प्रथमच सांगून टाकतों कीं तो चांगला लिहिलेला आहे. वाक्यें आंखूड आहेत. जेथें 'आम्हांस असें वाटतें' म्हणावयाचें तेथें तसें म्हटलें आहे. 'असें मानण्यास जागा आहे' अशा आडोशाला लेखिका गेलेली नाहीं. पारिभाषिक शब्द प्रथम येतो तेथेंच त्याचा अर्थ साध्या भाषेंत सांगितला आहे. सर्वांत महत्त्वाचें म्हणजे मतभेद झांकलेले नाहींत. तीन सभासदांना मानवी गर्भावर कोणताच प्रयोग मान्य नव्हता. चौघांना केवळ प्रयोगासाठीं गर्भ निर्माण करणें अमान्य होतें. दोघांनीं दुसऱ्याचें मूल पोटांत वाढविण्याच्या व्यवस्थेविषयीं बहुमताविरुद्ध मत दिलें. हीं सर्व भिन्न मतें त्यांच्या कारणांसह अहवालाच्या शेवटीं छापलेलीं आहेत, आणि कित्येक वाचकांस मूळ अहवालापेक्षां तींच अधिक सडेतोड वाटतील.

आतां त्या चौदा दिवसांकडे वळूं. गर्भ सुमारें पंधराव्या दिवशीं आपली पहिली रेघ दाखवितो. पेशींच्या चकतीवर उमटलेली ही रेषा म्हणजे पुढील शरीराच्या कण्याची खूण. तोंवर एका गर्भाचे दोन जुळे होऊं शकतात. रेघ उमटल्यावर व्यक्ति एकच, असें शास्त्र सांगतें. तेव्हां रेघ उमटण्यापूर्वीं थांबा, हा समितीचा निर्णय. वाचणाऱ्यास वाटतें कीं निसर्गानेंच ही मर्यादा घालून दिली आहे. परंतु अहवाल प्रामाणिक असल्यामुळें त्यानें दुसऱ्या सूचनाही नोंदविल्या आहेत. प्रसूतिशास्त्रज्ञांच्या रॉयल कॉलेजनें सतरा दिवस सुचविले होते, कारण मज्जासंस्थेची सुरुवात तेथें होते. दुसऱ्या कांहीं संस्थांना गर्भ गर्भाशयाच्या भिंतींत रुजण्याची क्रिया जेथें संपते ती वेळ पसंत होती. म्हणजे निसर्गानें एक नव्हे, अनेक रेघा आंखून ठेवलेल्या होत्या, आणि समितीनें त्यांतली एक उचलली.

ऑक्सफर्डचे प्रसिद्ध नीतिशास्त्रज्ञ आर. एम. हेअर यांनीं येथेंच बोट ठेवलें. समितीनें निष्कर्ष दिले, पण ते कोणत्या युक्तिवादानें निघाले हें पुरतें सांगितलें नाहीं, अशी त्यांची तक्रार. तक्रार खोटी नाहीं. जीव केव्हां सुरू होतो या मूळ प्रश्नालाच समितीनें बगल दिली आणि 'गर्भाशीं कसें वागावें' एवढ्याच प्रश्नाला हात घातला. तत्त्वज्ञानाच्या परीक्षेंत या उत्तराला पहिला वर्ग मिळणार नाहीं, हें आम्हीही मान्य करूं.

पण कायदा ही तत्त्वज्ञानाची परीक्षा नव्हे. आपल्याकडें सुतक दहा दिवसांचें असतें. दहाच कां, नऊ कां नाहीं, हें कोणताही शास्त्री सिद्ध करून दाखवूं शकणार नाहीं. निरनिराळ्या जातींत आणि नात्यांत ते दिवस निराळे आहेत हेंही सर्वांस ठाऊक आहे. तरी पण दिवस मोजलेले नसते तर शोक कोठें थांबवावा हें घरांतल्या कोणालाच कळलें नसतें, आणि जो आधीं हंसला त्यास बाकीच्यांनीं निष्ठुर म्हटलें असतें. चौदा दिवसांचें खरें सामर्थ्य त्यांच्या तात्त्विक पुराव्यांत नाहीं. ते कोणालाही बोटांवर मोजतां येतात, यांत आहे. प्रयोगशाळेंतील तपासनीस येऊन तारीख पाहील आणि सांगेल कीं हा गर्भ कायद्याच्या आंत आहे कीं बाहेर. 'गर्भाच्या प्रतिष्ठेस साजेल असें वर्तन' अशी एकादी उदात्त शब्दरचना समितीनें केली असती, तर हेअरसाहेब कदाचित् अधिक प्रसन्न झाले असते, आणि कायदा एका दिवसांत निरुपयोगी ठरला असता.

अहवाल निघाला म्हणून कायदा लगेच झाला असें मात्र नाहीं. १९८५ च्या फेब्रुवारींत ईनॉक पॉवेल यांनीं गर्भावरील प्रयोग सरसकट बंद करणारें बिल आणलें, आणि त्याचें दुसरें वाचन २३८ विरुद्ध ६६ मतांनीं मंजूर झालें. तें पुढें वेळेअभावीं पडलें, पण वॉर्नकबाईंचा अहवाल त्या दिवशीं जवळजवळ मेला होता. शास्त्रज्ञ जागे झाले. त्यांनीं स्वतःच्या संघटना काढल्या, आमदार-खासदारांना समजावून सांगितलें, आणि ज्यांच्या घरांत आनुवंशिक रोग आहेत अशीं कुटुंबें पुढें आणलीं. १९९० सालीं कायदा झाला, १९९१ पासून परवाने देणारें स्वतंत्र प्राधिकरण सुरू झालें, आणि चौदा दिवसांची रेघ देशोदेशीं गेली. आमच्या देशांतील मूळपेशींच्या संशोधनाविषयींच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांतही तीच आहे.

एक गोष्ट येथें सांगितली पाहिजे. १९८४ सालीं ही मर्यादा पाळण्यास कोणालाच कांहीं खर्च पडत नव्हता, कारण चौदा दिवस गर्भ बशींत जगविण्याची विद्याच तेव्हां नव्हती. २०१६ सालीं प्रयोगशाळांनीं बारा-तेरा दिवसांपर्यंत मजल मारली, आणि मग एकाएकीं चौदा हा आंकडा अडचणीचा वाटूं लागला. २०२१ सालीं मूळपेशी-संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनें आपल्या नियमांत चौदा दिवसांपुढील संशोधन निखालस निषिद्ध गोष्टींच्या यादींतून काढून टाकलें. जी मर्यादा पाळण्यास खर्च पडत नाहीं तिला नीति म्हणावें कीं सोय, ही शंका आमच्या मनांतून जात नाहीं. त्या रेघेची खरी परीक्षा आतां कोठें सुरू झाली आहे.

असो. आतां पैशाच्या दुसऱ्या, अधिक मोठ्या प्रयोगाकडे येतों. १९८८ सालीं जेम्स वॉटसन अमेरिकेंतील मानवी जनुकसंचाच्या संशोधनाचे प्रमुख नेमले गेले, तेव्हां त्यांनीं पत्रकारांपुढें जाहीर करून टाकलें कीं, या खर्चांतला कांहीं भाग त्या संशोधनाच्या नैतिक, कायदेशीर आणि सामाजिक परिणामांच्या अभ्यासासाठीं राखून ठेवण्यांत येईल. हा भाग आधीं शेंकडा ३ ठरला, पुढें शेंकडा ५. एकंदर योजना सुमारें ३ अब्ज डॉलरांची, हें लक्षांत घेतलें म्हणजे नीतिशास्त्राच्या पदरांत एकदम केवढें दान पडलें याची कल्पना येईल. या कामावर देखरेख करणाऱ्या मंडळाच्या अध्यक्ष नॅन्सी वेक्सलर. त्यांच्या आईला हंटिंग्टनचा आनुवंशिक रोग झालेला, आणि त्या रोगाच्या जनुकाच्या शोधांत त्या स्वतः अग्रभागीं होत्या. निवड उत्तम होती, हेतूविषयींही आम्ही संशय घेत नाहीं.

तरी पण या व्यवस्थेचें स्वरूप पाहिलें कीं आम्हांस वास्तुशांतीची आठवण होते. घर बांधणारा मनुष्य खर्चाच्या अंदाजांत वास्तुशांतीसाठीं कांहीं रक्कम काढून ठेवतो. गुरुजी येतात, विधि यथासांग होतो, दक्षिणा मिळते. पण घर येथें बांधूं नका, किंवा पाया चुकला आहे तो पाडा, असें सांगण्यासाठीं गुरुजींना कोणी बोलावलेलें नसतें. जनुकसंच वाचावा कीं नाहीं हा प्रश्न या निधीच्या कक्षेंत नव्हताच. वाचल्यावर काय करावें, एवढाच होता.

आणि त्या दक्षिणेंतून निघालें काय ? प्रबंध निघाले, परिषदा झाल्या, नवे प्राध्यापक तयार झाले. त्यांतील कांहीं लिखाण मोलाचें आहे. पण या वाङ्मयाचा पुष्कळसा भाग वाचून एक गोष्ट मनांत ठसते : निबंधाच्या शेवटीं बहुधा असें निघतें कीं या विषयावर आणखी संशोधन झालें पाहिजे. ज्या विचाराचें पोट पुढील अनुदानावर अवलंबून असतें त्यानें 'आतां पुरे, निर्णय घ्या' असें म्हणणें म्हणजे बसलेली फांदी तोडणें होय. अनुदान वाईट म्हणून नव्हे. पण त्याच्या भाषेला शेवट करतां येत नाहीं. वॉर्नकबाईंची समिति काम संपल्यावर विसर्जित होणारच होती, म्हणून तिला शेवट करणें भागच होतें.

न्यायाच्या दृष्टीनें दुसरी बाजूही सांगतों. विमा कंपन्यांनीं आणि मालकांनीं एकाद्याच्या जनुकांवरून त्याला नाकारूं नये, ही मागणी याच निधीच्या आश्रयानें प्रथम नीटपणें मांडली गेली. १९९३ सालीं विम्याविषयींचा अहवाल निघाला. १९९५ सालीं प्रतिनिधिगृहांत पहिलें बिल आलें. सिनेटनें तें २००३ आणि २००५ सालीं मंजूर केलें, पण प्रतिनिधिगृहांत तें अडून राहिलें, कारण मालकवर्गाचा विरोध होता. शेवटीं २००८ सालीं सिनेटमध्यें ९५ विरुद्ध ० आणि प्रतिनिधिगृहांत ४१४ विरुद्ध १ अशा मतांनीं कायदा झाला. जवळजवळ कोणाचाच विरोध नसलेल्या गोष्टीस तेरा वर्षें लागलीं, आणि तीही अर्धवट. आयुर्विम्याला हा कायदा लागूच नाहीं. नीतिज्ञांचें मंडळ तर १९९७ सालींच बरखास्त झालें होतें. निधि विपुल होता, पण त्याचें दार कायदेमंडळाकडे उघडत नव्हतें. इंग्लंडांत दार आधीं होतें, पैसा बेताचा होता.

अमेरिकेंतील आणखी एका प्रयोगाबद्दल चार शब्द लिहिल्यावांचून साहित्याच्या मासिकांतला हा लेख पुरा होणार नाहीं. २००१ सालीं राष्ट्राध्यक्षांनीं नेमलेल्या जैवनीति परिषदेचे अध्यक्ष लिऑन कॅस यांनीं २००२ च्या जानेवारींत पहिल्याच बैठकींत नॅथॅनिएल हॉथॉर्न यांची 'जन्मखूण' ही कथा चर्चेला घेतली. सुंदर पत्नीच्या गालावरील एक बारीकशी खूण काढून तिला निर्दोष करण्याच्या नादांत शास्त्रज्ञ नवरा तिचा जीवच घेतो, अशी ती कथा. पुढें परिषदेनें वेंच्यांचें एक जाडजूड पुस्तकही काढलें. सरकारी खर्चानें कथावाचन चाललेलें पाहून आमच्यासारख्यांनीं आनंदानें टाळ्या पिटाव्या हें स्वाभाविक. पण आम्हांस तो आनंद पुरता झाला नाहीं. कथा निवडली गेली तेव्हां तिचें तात्पर्य निवडणाऱ्याच्या खिशांत होतें. हॉथॉर्नचा शास्त्रज्ञ पूर्णतेसाठीं झुरतो. हंटिंग्टनच्या रोग्याला पूर्णता नको असते, त्याला हात स्थिर राहावयास हवे असतात. या दोघांत जें अंतर आहे तें कथा सांगत नाहीं, आणि तें सांगण्याचें तिचें कामही नाहीं. त्याच वर्षीं गर्भाच्या प्रतिरूपाविषयीं परिषदेंत १० विरुद्ध ७ अशी फूट पडली. २००४ सालीं जीवशास्त्रज्ञ एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांची नेमणूक पुढें चालू ठेवण्यांत आली नाहीं. परिषदेच्या अहवालांत शास्त्र कसें मांडलें जातें याविषयीं त्यांनीं आक्षेप घेतले होते. वॉर्नकबाईंनीं विरोधी मतें छापलीं. येथें विरोधी मताची खुर्चीच गेली. २००९ सालीं नव्या अध्यक्षांनीं ती सबंध परिषद मोडली.

आपल्याकडील स्थिति काय ? र. धों. कर्वे यांनीं १९२१ सालीं मुंबईस संततिनियमनाचें केंद्र काढलें आणि १९२७ पासून १९५३ सालीं मृत्यु येईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' हें मासिक पदरमोड करून चालविलें, तेव्हां जैवनीति हा शब्दही कोणी ऐकला नव्हता. त्यांना अनुदान मिळालें नाहीं. खटले मात्र मिळाले. पैशाशिवाय नीतिविचार होऊं शकतो याचा याहून मोठा पुरावा मराठी माणसाला नको. परंतु एका माणसाच्या हाडांवर किती काळ विचार उभा ठेवावा, हाही प्रश्न आहेच.

संशोधन, पैसा आणि कायदा या तिघांची गांठ महाराष्ट्रांत एकदां फार थोड्या वेळांत पडली. १९८० नंतरच्या दशकांत गर्भजलाची परीक्षा करून मुलगी असल्यास गर्भपात करण्याचा धंदा मुंबईंत उघड चालूं झाला होता. १९८६ च्या सुमारास स्त्रियांच्या आणि डॉक्टरांच्या संघटना त्याविरुद्ध उभ्या राहिल्या. राज्याच्या आरोग्यखात्यानें एका संशोधन संस्थेकडून मुंबईंतील स्त्रीरोगतज्ज्ञांची पाहणी करविली. तींत शेंकडा ८४ जण ही परीक्षा लिंगनिदानासाठीं करतात असें निघालें. आंकडा इतका उघडा-नागडा होता कीं त्यावर आणखी संशोधनाची मागणी करण्यास कोणास जागा राहिली नाहीं. १९८८ सालीं महाराष्ट्रानें देशांतला अशा प्रकारचा पहिला कायदा केला. १९९४ सालीं तो सबंध देशासाठीं झाला. पाहणी लहान, खर्च थोडा, प्रश्न नेमका, आणि मागें रस्त्यावरची चळवळ : या चार गोष्टी एकत्र आल्या कीं कायदा होतो.

परंतु कायदा झाला म्हणजे काम झालें असें नव्हे. २००० सालीं मुंबईची 'सेहत', पुण्याची 'मासूम' आणि डॉ. साबू जॉर्ज यांना, हा कायदा पाळला जात नाहीं म्हणून, सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठवावें लागलें. २००३ सालीं तो सुधारावा लागला. आणि शिरगणतीचे आंकडे पाहावे तर सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागें मुलींची संख्या महाराष्ट्रांत १९९१ सालीं ९४६, २००१ सालीं ९१३ आणि २०११ सालीं ८९४. कायद्याच्या आधीं संशोधनासाठीं पैसा निघाला. कायद्यानंतर तो पाळला जातो कीं नाहीं हें पाहण्यासाठीं संस्थांना स्वतःच वणवण करावी लागली. पैसे देणाऱ्यांना मुहूर्ताचा नारळ फोडण्याची हौस असते, पुढच्या देखरेखीची नसते. हें केवळ जैवनीतीच्याच बाबतींत खरें आहे असें नाहीं.

आमच्या मतें पैसा जेथें खरोखर हवा आहे ती जागा याहूनही लहान आणि घरगुती आहे. अमेरिकेंत अलाबामा राज्यांतील टस्कीगी येथें १९३२ पासून १९७२ पर्यंत सरकारी आरोग्यसेवेनें सुमारें ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर एक अभ्यास चालविला. त्यांपैकीं ३९९ जणांना उपदंश होता. पेनिसिलिन हातीं आल्यावरही त्यांना तें दिलें नाहीं. त्यांना सांगितलें जाई कीं तुमचें 'रक्त वाईट' आहे. चाळीस वर्षांचें तें पाप या दोन शब्दांच्या आडोशानें घडलें. त्यानंतर १९७४ सालीं नेमलेल्या आयोगाचा बेलमॉंट अहवाल १९७९ सालीं प्रसिद्ध झाला. तो वॉर्नकच्या अहवालाहूनही आंखूड आहे, आणि त्यानें संमतीचीं तीन अंगें सांगितलीं : माहिती, आकलन, स्वेच्छा. तिघांत मधलें अंग आम्हांस सर्वांत मोठें वाटतें.

'संमति' हा शब्द मराठींत चावडीवर आला तो १८९१ सालीं, संमतिवयाच्या बिलाच्या वेळीं. दहाचें बारा करावें कीं नाहीं यावर आगरकर आणि टिळक यांच्या पक्षांत जें रण माजलें, तें सर्वांस ठाऊक आहे. ज्या मुलींच्या संमतीचा तो प्रश्न, त्यांना त्या वादांतला एक शब्द तरी कळला असेल काय, हें मात्र कोणी विचारलें नाहीं. आज औषधांच्या प्रयोगांत शिरणाऱ्या रोग्याच्या बाबतींत कायदा निदान तोंडानें तरी हें विचारतो. २०१९ च्या नियमांप्रमाणें रोग्याला त्याला समजणाऱ्या भाषेंत सर्व सांगितलें पाहिजे, आणि प्रयोगास मान्यता देणाऱ्या नीतिसमितींत वैद्यकाबाहेरचा एक सामान्य मनुष्यही असला पाहिजे.

तसा सामान्य मनुष्य म्हणून एका रुग्णालयाच्या समितींत आम्ही कांहीं वर्षें बसलों आहों, आणि तेथें पुढें येणारीं मराठी संमतिपत्रें वाचलीं आहेत. इंग्रजी मूळ बरें असतें. मराठींत 'सहभागी व्यक्तीचें यादृच्छिक पद्धतीनें गटनिर्धारण करण्यांत येईल' असें वाक्य येतें, आणि त्याखालीं आंगठ्यासाठीं चौकोन. पदवीधर मनुष्य दोनदां वाचून थांबेल, तेथें बीडच्या ऊसतोडणी करणाऱ्या बाईनें काय करावें ? हेंच 'तुम्हांला खरें औषध मिळेल कीं तसलीच दिसणारी, औषध नसलेली गोळी मिळेल, हें चिठ्ठी टाकल्यासारखें ठरेल; तें तुम्हांलाही कळणार नाहीं आणि तुमच्या डॉक्टरांनाही नाहीं' असें लिहितां येतें. शब्द जास्त लागतात, एवढेंच. १९९३ सालीं मुंबईच्या कांहीं डॉक्टरांनीं वैद्यकीय नीतीला वाहिलेलें एक उत्तम नियतकालिक काढलें, तें आजही चालतें; पण तें इंग्रजींत आहे, आणि अशा भाषेची चिकित्सा करणारें मराठींत कांहीं नाहीं.

प्रयोगाच्या अंदाजपत्रकांत औषधें थंड ठेवण्याच्या पेट्या असतात, रक्ताचे नमुने परदेशीं धाडण्याचा खर्च असतो, आणि भाषांतराचा दर शब्दामागें ठरलेला असतो. भाषांतर झाल्याचा दाखलाही शिक्क्यासह जोडलेला असतो. तें भाषांतर पांच-सहा रोग्यांना आधीं वाचून दाखवावें, त्यांना काय कळलें तें त्यांच्याच तोंडून ऐकावें, आणि मग पुन्हां लिहावें, असें आम्हीं एकदां सुचविलें. प्रयोग करणाऱ्या मंडळींनीं नकार दिला नाहीं. हा खर्च कोणत्या सदराखालीं टाकावा, एवढेंच त्यांनीं विचारलें. छापील तक्त्यांत तसें सदर नव्हतें. शेवटीं तो 'किरकोळ' मध्यें टाकला गेला.